मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलांना प्रकल्पातून इंग्रजीची गोडी लागते का?

लागते. मात्र प्रकल्प म्हणजे तक्ता, असं असेल तर राहू द्या.

मी कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. पहिल्या वर्षी मीही 'माय सिटी' दिला होता. रंकाळा, अंबाबाई, न्यू पॅलेस. सगळ्या तक्त्यांवर नेटवरचा तोच मजकूर, चित्रं बहुतेक आयांनी चिकटवलेली. वाचून दाखव म्हटलं की पोरगं माझ्याच तोंडाकडं बघायचं. चूक माझी. रंकाळा मलाही माहीत, त्यालाही माहीत. मग इंग्रजीत सांगायचं कुणाला?

पुढच्या वर्षी आधी ऐकणारा शोधला, तोही हिंदी न येणारा. हिंदी चालते म्हटलं की मुलं तिकडंच वळतात. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी, दोनच भाषा. ओळखीतून तिथल्या एका शिक्षिकेला गाठलं. आमच्या मुलांनी गूळ कसा करतात ते बोलून, रेकॉर्ड करून पाठवायचं ठरलं.

गुऱ्हाळावर सगळी चौकशी मराठीतच झाली. ती होऊ द्या, आपसातली भांडणंसुद्धा. इंग्रजी लागलं ते सांगायच्या वेळी. 'द ज्यूस इज बॉइल्ड' म्हणायला पॅसिव्ह व्हॉइस लागतो, हे मला फळ्यावर कधी पटवता आलं नव्हतं. रस कोण उकळतंय याला महत्त्वच नाही, काहिलीत काय होतंय ते सांगायचंय!

तिकडून उलट प्रश्न आला: गुळात भेंडी कशाला? भाजीची चव येत नाही का? वर्गात एकच हशा. रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते आणि ती काढून टाकतात, हे मराठीत सगळे सांगत होते. मळीला इंग्रजीत काय म्हणायचं, इथं गाडी अडली. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या, घरचं गुऱ्हाळ असलेल्या मुलानं डिक्शनरीतून 'स्कम' काढला आणि चार वेळा रेकॉर्ड करून पाठवलं, 'भेंडी वॉटर ब्रिंग द स्कम अप'. 'ब्रिंग'चा एस राहिला. मी थांबवलं नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात घेतला.

पाच आठवडे गेले, पुस्तक मागं पडलं, घटक चाचणीचे गुण फारसे हलले नाहीत. मुख्याध्यापकांना हे आधीच सांगून ठेवा. आणि सुरुवात एकाच तुकडीपासून करा. मी दोन घेतल्या होत्या, रेकॉर्डिंग ऐकता ऐकता रात्रीचे अकरा वाजायचे.