तांबडे भुंगेरे: नर पकडून पैदास थांबेल का?

प्रश्न (तापीकाठ, ता. चोपडा): गिलक्याला चार-पाच पाने आली आहेत. सकाळी तांबडे भुंगेरे एकावर एक बसलेले दिसतात. कपाशीत लावतो तसे कामगंध सापळे लावून नर पकडले तर पैदास थांबेल का?

उत्तर: दादा, तुम्ही बारकाईने पाहिलंत, पण हा उपाय इथे चालणार नाही. वेलवर्गीय पिकासाठी दुकानात क्यू-ल्युर नावाचा सापळ्यात ठेवायचा गंध मिळतो, तो फळमाशीच्या नरांसाठी. तांबडा भुंगेरा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय नर कमी झाले तरी उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. मादी तर नराचं वीर्य पोटातल्या बारीक पिशवीत साठवते आणि लागेल तसं वापरते. जोडीतला वरचा नर मेला तरी खालची मादी अंडी घालणारच. हिशेब करायचा तो या खालच्या मादीचा.

ती साधारण 150 ते 300 अंडी घालते, तीही पानावर नाही, बुंध्याजवळच्या ओल्या मातीत. तुमच्या ठिबकचा थेंब पडतो, अगदी तिथे. अळ्या मुळं कुरतडतात, वेल सुकतो आणि आपण मर रोग समजून बुरशीनाशक ओततो! असा वेल उपटून मुळं आधी पाहा.

मात्र कोशातून निघालेली मादी लगेच अंडी घालत नाही. आधी काही दिवस नुसती खाते. पानाला गोल चर पाडते, म्हणजे आतल्या चकतीकडे येणारा चीक तुटतो, मग ती चकती निवांत फस्त करते. अशी गोल भोकं दिसली की तिला वेचायची वेळ झाली, जोडी दिसेपर्यंत थांबू नका. उन्हं चढण्याआधी भुंगेरे सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचा रुंद डबा पानाखाली धरा आणि वरून टिचकी मारा. जोडी असली तर दोघं एकदमच पडतात. बियांची पहिली दोन पानं उघडल्यापासून हे रोज करा. कंटाळवाणं आहे, पण पोरं आवडीने करतात.

बुंध्याभोवती हलकी खुरपणी करा, अंडी-अळ्या उन्हात येतील. 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. रासायनिक औषध घ्यायचंच तर लेबलवर गिलक्याचं नाव असलेलंच घ्या आणि फुलं लागल्यावर ते संध्याकाळी मारा. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, सकाळी त्यावर मधमाश्या असतात.

आणि बांधावर मागच्या हंगामाचे वाळलेले वेल पडले असतील, तर ते आजच उचला. भुंगेरे त्यातच दडून बसतात.