पुस्तकातल्या पोराला राग आला, तर येऊ द्या

चित्रपुस्तकांच्या आधाराने लहान मुलांच्या भावना कशा समजून घ्याव्यात, यावर गेल्या अंकात दोन ओळी लिहिल्या आणि टपालाला तोच एक विषय मिळाला. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. थोडी छाटली आहेत, नावं गाळली आहेत, आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर आहे.

ताई, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी त्याला बहीण झाली. तेव्हापासून बाळाला चिमटे काढतो, रात्री गादी ओली करतो. कुणी सुचवलं म्हणून मोठ्या दादाचं एक चित्रपुस्तक आणलं. रोज झोपताना वाचते आणि विचारते, ‘दादा कसा शहाण्यासारखा वागला? आता तू कसा वागणार?’ परवा त्याने ते पुस्तक पलंगाखाली सरकवलं आणि रडला. दुसरं कुठलं पुस्तक आणू? (एक आई, कराड)

दुसरं आणण्याआधी हे का सरकवलं ते बघू. त्यातला दादा मधल्या एखाद्या पानावर जरासा फुगत असेल आणि शेवटच्या पानावर बाळाची पापी घेत असेल. या विषयावरची बरीच पुस्तकं याच साच्यातून निघतात. तुमच्या लेकाचं अजून पुरतं फुगूनही झालेलं नाही आणि पुस्तक त्याला रोज रात्री पापी घ्यायला लावतंय. वर लगेच तोंडी परीक्षा. मीसुद्धा सरकवलं असतं.

ते पुस्तक सध्या पलंगाखालीच राहू द्या. जेसीबीचं, रेल्वेचं, जे त्याला आवडतं ते काढा. बाळाला दहा मिनिटं दुसऱ्या कुणाकडे द्या, याला मांडीवर घ्या आणि पानं त्याची त्याला उलटू द्या. जेसीबी बघून कसला भावनिक विकास होणार, असं घरात कुणी म्हणेल. म्हणू द्या. आई अजून आपली आहे, एवढं कळल्याशिवाय हे पोर बहिणीबद्दल काही ऐकून घेणार नाही.

मग कधीतरी दुसरं पुस्तक बघा. मी दुकानात उभ्या उभ्या शेवटची दोन-तीन पानं आधी वाचते. मुलाचा राग कुणी घालवला, हे तिथे कळतं. आईने किंवा घुबडगुरुजींनी व्याख्यान देऊन घालवला असेल, तर मी पुस्तक ठेवून देते. राग आपला आपण उतरला, किंवा थोडा शिल्लक राहूनही आईने पोराला जवळ घेतलं, तर विकत घेते.

आणि वाचताना बोलायचं ते चित्राबद्दल. माझी बालवाडी बंद झाल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालतं. तिथे एक मुलगी यायची, हिच्याही घरी नवं बाळ होतं. एका पुस्तकात जेवणाच्या पंगतीचं चित्र आहे: भरपूर माणसं, गडबड, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा. गोष्टीत त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. ही त्या पानावर बोट ठेवून थांबली. म्हणाली, “ह्याला कुणी वाढलंच नाही.” मी म्हटलं, “हो गं, ताट दिसत नाही त्याचं.” बराच वेळ गेला. मग म्हणाली, “त्याची आई तिकडे बाळाला घेऊन बसलीय.” चित्रात बाळ घेतलेली बाई होती खरी, पण ती त्याची आई असल्याचं चित्रकाराने कुठे म्हटलं नव्हतं. पुन्हा थोड्या वेळाने तिने ताटं मोजली, एक ताट जास्तीचं निघालं, ते त्या पोराच्या नावावर केलं आणि पान उलटलं. ‘तुलाही असंच वाटतं का?’ हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने तिथेच पुस्तक मिटलं असतं. तीन-चार वर्षांचं मूल स्वतःबद्दल सरळ बोलत नाही, पुस्तकातल्या पोराच्या आडून बोलतं. तो आडोसा आपण काढून घ्यायचा नाही.

म्हणजे प्रश्नच विचारू नयेत असं नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या सेलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा एक अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आईवडील चित्रपुस्तक दाखवत असताना त्यांनी बघितलं की भावनांबद्दल कोण किती बोलतं. ज्या घरांत आईवडील मुलालाच ‘याला काय वाटतंय, कशामुळे’ असं बोलतं करत होते, तिथली मुलं दुसऱ्याला मदत करण्यात, आपल्यातलं देण्यात पुढे होती. आईवडील स्वतः भावनांवर किती बोलले, याचा तसा संबंध दिसला नाही. तेव्हा विचारा, पण ज्याचं एकच बरोबर उत्तर तुमच्या मनात तयार आहे तो प्रश्न नको. ‘हा कुठे बघतोय?’ ‘हात बघ कसे धरलेत!’ ‘आता काय करेल हा?’ एवढं पुरतं. तो म्हणाला, ‘बाळाला कचऱ्याच्या गाडीत टाकेल’, तर दचकू नका. ‘बापरे, इतका चिडलाय!’ म्हणा आणि पुढे चला.

चिमटा काढला त्या क्षणी मात्र पुस्तक नको. तेव्हा हात धरायचा, ‘चिमटा काढायचा नाही’ म्हणायचं, संपलं. आक्रस्ताळेपणा चालू असताना मुलाला गोष्ट ऐकू जात नाही. गादी ओली होणं धाकटं भावंड आल्यावर पुष्कळ घरांत होतं, त्यावरून चारचौघांत बोलू नका. लघवीला दुखत असेल, ताप असेल किंवा खूप तहान लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

माझी पत्नी दोन महिन्यांपूर्वी गेली. नात पाच वर्षांची आहे, आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. ‘आजी देवाघरी गेली’ असं सांगितलं, तर रोज विचारते, परत कधी येणार? सून म्हणते, मृत्यूवरचं मुलांचं पुस्तक मिळतं ते आणू. मला हे पटत नाही. लहान जिवाला कशाला? शिवाय वाचताना मलाच रडू येईल. (एक आजोबा, नागपूर)

आजोबा, लहान जिवाला ते आधीच कळलं आहे. कळलं नाही ते एवढंच, की हे कायमचं आहे. या वयात ‘कायमचं’ हळूहळूच कळतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारते. तो हट्ट नाही. दर वेळी तेच उत्तर द्या: आजीचं शरीर खूप आजारी होतं, ते चालायचं थांबलं, ती परत येणार नाही. (आजार नसेल तर जे झालं ते.) तुमची श्रद्धा असेल तर देवाघरचंही सांगा, फक्त एकटं तेवढंच नको, कारण घर म्हटलं की तिथून माणूस परत येतं. आणि ‘झोपली’ हा शब्द टाळाच. त्यानंतर काही मुलं रात्री डोळे मिटायला घाबरतात.

सूनबाईंचं पुस्तक येऊ द्या. आधी तुम्ही एकट्याने वाचा, पहिलं रडणं तेव्हा होऊन जाईल. नातीसमोर पुन्हा आलं तर ‘आजीची आठवण आली’ म्हणा. मोठ्या माणसाला रडू येतं आणि थोड्या वेळाने तो चहाही पितो, हे तिने बघावं.

पण त्याआधी एक पुस्तक घरीच करा. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद घ्या, मधोमध दुमडा, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा आणि जाड दोरा ओवून गाठ मारा. एका पानावर आजीचा फोटो, बाकीच्यांवर आजीच्या वस्तू: चष्मा, पोळपाट, अडकित्ता, फोनचं फुलाफुलांचं कव्हर. फोटो नसेल तिथे नात चित्र काढेल. खालचं वाक्य तिने सांगायचं, तुम्ही जसंच्या तसं लिहायचं. ती ‘आजी मला रागवायची’ म्हणाली तर तेच लिहा, ‘आजी प्रेमळ होती’ असं करू नका. व्याकरणही सुधारू नका. तिला वाटेल तेव्हा काढता येईल अशा खालच्या कप्प्यात ते ठेवा, देव्हाऱ्यात नको.

भावनांच्या गोष्टींसाठी प्राण्यांची पुस्तकं बरी की माणसांची? आणि पुस्तकं महाग पडतात, मोबाइलवर दाखवली तर चालेल का? (एक बाबा, पिंपरी)

टोरोंटोच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारांनी वाचून दाखवली, एकात कपडे घातलेले प्राणी, दुसऱ्यात माणसं. नंतर मुलांना स्टिकर देऊन विचारलं, यातले दुसऱ्या मुलासाठी किती ठेवशील? माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त ठेवले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी कमी. ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटत होते, ती मात्र जास्त देत होती. म्हणून ससे-कोल्हे हद्दपार करायला नकोत, मला स्वतःला कोल्हे आवडतात. पण घरात दोन-चार पुस्तकं तरी अशी असावीत, ज्यात आपल्यासारख्या घरातलं, आपल्यासारखं जेवणारं, रुसणारं पोर आहे. मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका तशी आहे.

महागाईचं म्हणाल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मुलांची पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही भरपूर. मोबाइलवर बघायला हरकत नाही, फक्त आपोआप वाचून दाखवणारा आवाज बंद ठेवा आणि फोन दोघांनी मिळून धरा. मुलाला एका चित्रावर थांबायचं असतं, तो आवाज थांबत नाही. त्यापेक्षा आवडलेलं एखादं छापून आणा, बऱ्याच गोष्टी पंधरा-वीस पानांच्याच असतात.

मी धडगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलं पंचवीस, गोष्टीची पुस्तकं चार, त्यातली दोन फाटलेली. घरी मुलं पावरी ही आदिवासी बोली बोलतात, पुस्तकं मराठीत. ‘याला काय वाटतं’ विचारलं की गप्प बसतात. काय करू?

मराठीत विचारलंत म्हणून गप्प बसत असतील. चित्राला भाषा नसते, तेव्हा मराठी मजकूर बाजूला ठेवा आणि गोष्ट पावरीत सांगा, स्वतःला येत नसेल तर मदतनीस ताईंना सांगू द्या. दुःख, भीती, लाज या गोष्टी मूल आधी आईच्या बोलीतच बोलतं, मराठी त्यामागून येते. तरीही बोलत नसतील तर बोलण्याचा आग्रह सोडा. ‘या मुलीसारखं तोंड करून दाखवा’ म्हणा. पंचवीस जणं एकदम रुसलेली तोंडं करतील, हसतील, आणि त्यातलं एखादं सांगेल की माझी आई ऊसतोडीला गेली तेव्हा मी असं केलं होतं.

पंचवीस जणांना एक छोटं पुस्तक दिसत नाही, हीच खरी अडचण. खाऊ वाटला जात असताना सहा-सहा जणांना घेऊन बसा. तेही जमत नसेल तर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एकेक चित्र मोठं काढा. सुबक नको, डोळे आणि तोंड ठळक हवं. पाड्यावरचं घर, शेळी, टोपली असं सगळं त्यात आलं तर मुलं स्वतःहून पुढे सरकतील. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी शिंपले, बिया, पानं यांचीच साधनं केली होती. तुमच्याकडे कॅलेंडर तरी आहे.

पुस्तकं चारच आहेत याची खंत करू नका, या वयाला तीच गोष्ट महिनाभर चालते आणि विसाव्या दिवशी मूल चित्रातलं नवं काहीतरी काढतं. फाटलेलं पान मुलांना सोबत घेऊन चिकटवा. आणि पुस्तकं कपाटात कुलपाआड ठेवू नका, खाली चटईवर ठेवा. पर्यवेक्षिका बाई आल्या आणि ‘इतकी मळकी कशी?’ म्हणाल्या, तर रजिस्टरच्या आधी त्यांच्या हातात तीच द्या.