हृदयाची सीमा की कड?

प्रश्न असा: एकोच्या (ध्वनिलहरींनी घेतलेल्या हृदयाच्या) चित्रात हृदयाच्या कप्प्याची आतली कड यंत्राने ओळखणे, इंग्रजीत 'ऑटोमॅटिक बाउंडरी डिटेक्शन', याला 'स्वयंचलित सीमाशोधन' म्हणावे का?

'स्वयंचलित' ऐकलं की डोकं उठतं. जिना स्वयंचलित असतो, कारण तो चालतो. ओळखण्यात चालणं कुठे आलं? 'आपोआप' म्हणायला लाज कसली वाटते? असो.

खरी मौज 'सीमा'त आहे. अथर्ववेदात 'सीमन्' म्हणजे केसांतला भांग. सीमंतिनी, सीमंतोन्नयन हे त्याच गोतातले. सुश्रुत तर कवटीच्या सांध्यांनाही सीमंतच म्हणतो. पुढे नामाचं नाव, ग्रामाचं गाव झालं, तशी सीमेची शीव झाली. मुंबईचं शीव तेच, मुंबई बेट आणि साष्टीच्या मधलं. तिथे शंकराला आणून बसवणाऱ्यांनी निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी बघावं! वैयाकरण 'सीमा' हा शब्द 'सि', म्हणजे बांधणे, या धातूवरून साधतात. साधोत बापडे. माझ्या मते आधी भांग, मग शेताचा बांध. फणी फिरली, रेघ उमटली, अलीकडे केस आणि पलीकडेही केसच. दोन्हीकडे एकाच जातीचं काही असेल तरच ती सीमा.

आता एको बघा. पोकळीतलं रक्त काळं, स्नायू करडा; दोन्हीकडची जातच वेगळी. मधे रेघ नसतेच. हृदयाच्या टोकाकडून बघताना बाजूची भिंत ध्वनिलहरींना जवळजवळ समांतर येते, प्रतिध्वनी क्षीण होतो आणि कड विरून जाते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची यंत्रं परतलेल्या ध्वनीच्या जोरावरून एकेक ठिपका रक्ताचा की स्नायूचा ते ठरवत. गेन, म्हणजे परतलेला ध्वनी किती मोठा करून घ्यायचा ते, थोडा वाढवला की पोकळी आकसलीच! २०२०मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने प्रसिद्ध केलेली प्रणाली दहा हजारांवर एको-चित्रफिती वापरून घडवलेली आहे. पण संकेत जुनाच: आत डोकावणारे पॅपिलरी स्नायू पोकळीतच धरायचे, रेघ त्यांच्या मागून न्यायची. त्या रेघेच्या आतल्या भागाच्या वीस चकत्या कल्पून आकारमान काढतात आणि त्यावरून इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातल्या रक्ताचा किती भाग बाहेर पडतो ते.

म्हणजे कड भिंतीची, रेघ यंत्राची, आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. कोशकारांना एका इंग्रजी शब्दाला एकच संस्कृत शब्द चिकटवला की झोप लागते; त्यांचं 'सीमा' सोडा. लेखात 'आतली कड आपोआप ओळखणे' लिहा. मथळ्यासाठी आटोपशीर हवं असेल तर 'कडशोध' चालेल.