जुन्या शेवरोले इम्पालात ४५४ बिग-ब्लॉक (शेवरोलेचं मोठं व्ही-८ इंजिन) बसवतोय, ऑइल चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) कोणतं घेऊ?

आधी ब्लॉक कुठल्या पिढीचा आहे ते बघा. १९६५ ते १९९० च्या मार्क फोर पिढीला मागचं मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारं) दोन तुकड्यांचं, तर १९९१ पासूनच्या जेन फाइव्ह-सिक्सला (पाचव्या-सहाव्या पिढीला) एकसंध. एकाचं चेंबर दुसऱ्याला बसत नाही. विकणारा "बसतंय हो" म्हणाला तरी पैसे देऊ नका.

खरा घोळ चेंबरच्या खोलगट, तेल साचणाऱ्या भागाचा: तो पुढे हवा, मधे की मागे? इंजिन चेंबरशिवाय माउंटवर ठेवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि सेंटर लिंक (स्टिअरिंगचा मधला आडवा दांडा) नि क्रॉसमेंबर (चासीचा आडवा तुळईसारखा भाग) कुठे येतात ते पाहा. रेसिंगचं खोल चेंबर दिसायला भारी, पण आपल्या गल्लीबोळातल्या स्पीडब्रेकरपुढे त्याचं काही खरं नाही. तळ क्रॉसमेंबरच्या खाली लोंबता कामा नये.

पिकअप (पंपाला तेल ओढून देणारी, टोकाला जाळी असलेली नळी) त्याच चेंबरसाठीचा घ्या. जाळीवर शाडूचा गोळा चिकटवा, गॅस्केट घालून चेंबर बोल्टांनी घट्ट बसवा, परत काढा आणि दबलेली माती मोजा. साधारण ६ ते १० मिमी हवं. कमी असेल तर तेल ओढलं जात नाही, फार जास्त असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पंप हवा ओढतो. स्ट्रोकर क्रँक (पिस्टनचा स्ट्रोक वाढवणारा) असेल तर हाताने दोन फेरे फिरवून रॉडचे बोल्ट चेंबरला घासत नाहीत ना, तेही बघा. डिपस्टिकची (तेलाची पातळी बघायच्या पट्टीची) बाजू ब्लॉकशी जुळायला हवी.

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत हे मिळण्याची आशा ठेवू नका, बाहेरून मागवा. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपात चेंबर कापून-वेल्डिंग करून घेतलंत, तर डिझेल भरून रात्रभर ठेवा. झिरपलं तर तिथेच कळेल. आणि इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.