स्नायुपेशी वाढतात म्हणजे नक्की काय होतं?

कोथरूडच्या एका तरुण वाचकाने सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी व्यायामावर लेख लिहिला. त्यातल्या 'वजनं उचलल्याने स्नायुपेशी वाढतात' या वाक्यावर दोन बाजूंनी हल्ला झाला. इंदूरचा मित्र म्हणाला, पेशी म्हणजेच मसल, मग स्नायुपेशी म्हणजे पिवळा पीतांबर झाला की. निवृत्त शिक्षिका असलेल्या मावशीने 'वाढतात'खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'संख्येने की आकाराने?' त्यात जिममधला ट्रेनर रोज सांगतो, मसल तुटल्याशिवाय वाढत नाही. आता मी काय लिहू, असं त्याने विचारलंय.

मित्राचं आधी उरकतो. हिंदीत मांसपेशी म्हणजे मसल आणि सेल म्हणजे कोशिका, त्यामुळे त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. सुश्रुतसंहितेतही शरीरात पाचशे पेशी सांगितल्यात आणि त्या मांसाच्याच. स्नायू तिथे वेगळे, नऊशे. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलंय असा दृष्टान्त त्यात येतो. म्हणजे सुश्रुताचा स्नायू हा बांधणारा दोर आहे. बंगालीत हाच शब्द मज्जातंतूंसाठी वापरतात. मराठीने मात्र स्नायू मसलला दिला आणि पेशी सेलला. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीची पुस्तकं वाचून मोठी झालेली आपली पिढी पेशी, ऊती, स्नायू याच अर्थाने ओळखते. तेव्हा मराठीत स्नायुपेशी अगदी चोख आहे.

मावशींचा प्रश्न जास्त खोल आहे, कारण आपलं 'वाढणे' हे क्रियापद फार ऐसपैस आहे. भाव वाढतो, मूल वाढतं, ताटात भात वाढतात. अशुभ बोलायचं नाही म्हणून आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली की ती 'वाढली' म्हणतो. तुमच्या ट्रेनरला हे कळलं तर तो खूश होईल, कारण तोडणं आणि वाढवणं एकच, हे त्याचं तत्त्वज्ञान आपल्या देवघरात आधीपासून आहे! स्नायूंच्या बाबतीत मात्र ते तितकंसं खरं नाही. जास्त वजनाने किंवा सवय नसलेल्या व्यायामाने धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळवळायला होतं, हे खरंच आहे. पण वाढ होण्यासाठी ही इजा व्हायलाच हवी असं नाही. वाढीची मुख्य खूण म्हणजे धाग्यावर पडणारा ताण. तो पेशीला जाणवतो आणि प्रथिनं बांधायचं काम वेग घेतं. एकदा कसून व्यायाम केला की हा वाढलेला वेग साधारण एक-दोन दिवस टिकतो.

आता संख्या की आकार? स्नायूचा एक धागा म्हणजे एकच पेशी. जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते, आणि एका पेशीत केंद्रकं शेकड्यांनी. हे धागे किती, ते जन्माच्या आसपास बहुतेक ठरून जातं. व्यायामाने नवे धागे फारसे येत नाहीत. आहे तो धागा जाड होतो, कारण त्याच्या आत अ‍ॅक्टिन-मायोसिन या प्रथिनांच्या आणखी बारीक तारा शेजारी शेजारी भरल्या जातात. दोराचे पेड तेवढेच, प्रत्येक पेडात सूत जास्त. 'पीळदार' हा शब्द ज्याने काढला त्याने हे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं नव्हतं, पण दोर नक्की पाहिला होता.

मावशींना एक सवलत मात्र द्यावी लागेल. धाग्याच्या कडेला चिकटून काही छोट्या पेशी झोपलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो या संशोधकाने १९६१ साली त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या, त्याही बेडकाच्या पायाच्या स्नायूत. (दंड वाकवला की वर येते तिला आपण बेटकुळी म्हणतो, काही घरांत बेडकुळी. बेडूक तिथेही आहेच. लॅटिनवाल्यांना तिथे छोटा उंदीर दिसला, त्यावरून मसल.) या पेशींना सॅटेलाइट सेल म्हणतात. 'उपग्रह पेशी' म्हटलं की मला श्रीहरिकोटा आठवतं. मी त्यांना राखीव पेशी म्हणेन. ताण किंवा इजा झाली की त्या जाग्या होतात, संख्येने वाढतात आणि त्यातल्या काही मूळ धाग्यात मिसळून त्याला आपलं केंद्रक देऊन टाकतात.

माझ्या भाच्याने जिम सुरू केली तेव्हा दर रविवारी आईच्या शिवणाच्या टेपने दंड मोजायचा. महिनाभर टेप हलली नाही, पण वजन मात्र दीडपट उचलायला लागला. त्याला वाटलं टेपच सैल झालीय. सुरुवातीच्या आठवड्यांत असंच होतं: स्नायू जवळपास तेवढाच असतो, मज्जासंस्था त्याच्यातले जास्त धागे एकदम कामाला लावायला शिकते. याला मराठीत 'अंगवळणी पडणे' इतका नेमका शब्द तयार आहे. आणि व्यायाम संपल्यावर आरशात जे टम्म दिसतं ते रक्त आणि द्रव साठल्यामुळे. ते फुगणं, तासा-दोन तासांत ओसरतं.

तालमीतल्या वस्तादांच्या तोंडी याच्यासाठी एक जुनं क्रियापद आहे, कमावणे. मूळ 'कर्म'. पैसा कमावतात तसं कातडं कमावतात, गवई आवाज कमावतो आणि पैलवान शरीर. कातडं कमावलं म्हणजे नवं कातडं आलं नाही. आहे त्याच मालावर मेहनत होऊन त्याचा गुण बदलला. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत जोर-बैठका मारणाऱ्याने हा शब्द वापरला, तर 'वाढणे'पेक्षा तो पेशीत घडतं त्याच्या जास्त जवळ जातो, असं माझं मत.

तेव्हा लेखात लिहा: 'वजनं उचलल्याने स्नायुपेशी जाड होतात.' मथळ्यात 'कमावलेले स्नायू' खुशाल येऊ द्या. सुटा स्नायू दीर्घ, पण स्नायुपेशीतला 'यु' ऱ्हस्व. नाहीतर मावशींची लाल रेघ तिथेही येईल.