वाचकांचे प्रश्न : वाडी रिकामी, माणसं भट्टीवर

प्रश्न : मानवशास्त्राच्या एम.ए. प्रबंधासाठी रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी आदिवासी वाडीवर जानेवारीत सहा आठवडे राहणार आहे. सरपंचांची परवानगी मिळाली आहे. आणखी काय तयारी लागेल?

उत्तर : आधी महिना बदला, नाहीतर वाडीसोबत वीटभट्टीही अभ्यासात घ्या. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर नाहीतर कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर मुख्यतः म्हातारी माणसं भेटतील आणि तेवढ्यावर लिहिलेला प्रबंध अर्ध्या वाडीचाच होईल. माणसांच्या मागोमाग अनेक ठिकाणी जाण्याची पद्धत मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मार्कस यांनी 1995 मध्ये मांडली. स्थलांतराच्या अभ्यासात ती आता टाळता येत नाही.

भट्टीवर संमतीचा प्रश्न अवघड होतो. कुटुंबाने उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. मुकादम शेजारी असताना मिळालेला होकार धरू नका. काम सुटल्यावर झोपडीपाशी बसून विचारा आणि 'नको' म्हणायला वाव ठेवा.

सरपंचांची परवानगी वाडीत येण्यापुरती. संमती प्रत्येकाची वेगळी, रेकॉर्डिंगची त्याहून वेगळी. उंची-वजन किंवा रक्ताचे नमुने घेणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यासोबत तटस्थ साक्षीदाराची सही लागते. पालकांच्या संमतीसोबतच 7 ते 12 वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि पुढे 18 पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो.

प्रश्न : सगळं मोबाइलवर रेकॉर्ड होत असेल तर वही कशाला?

उत्तर : तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, कातकरी बोलीत असेल तर जास्तच. शिवाय सासू आत आली आणि सून गप्प झाली, हे फोनला कळत नाही. जागेवर चार शब्द टिपा आणि त्याच रात्री सविस्तर लिहा. दुसऱ्या दिवशी क्रम विसरतो आणि मन गाळलेल्या जागा स्वतःच भरतं. स्वतःचे तर्क समासात ठेवा. बोलणाऱ्याचा शब्द प्रमाण मराठीत 'सुधारू' नका.

नात्यांच्या नोंदीत सर्वांत जास्त चुका होतात. छापील तक्त्यात 'कझिन' असा एकच रकाना असेल तर तो खोडून चुलत, मावस, आते, मामे असे चार करा. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी दाखवून दिलं होतं की महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी नाही. एका रकान्यात हा फरकच पुसला जातो.