ओम्नीचं इंजिन: रिंग टाकू, बोअर करू की दुसरंच बसवू?

प्रश्न: नमस्कार दादा, आमची 2009 ची मारुती ओम्नी आहे, बाबांनी घेतलेली, 1 लाख 40 हजार किमी झालेत. मी लोकमान्य नगरातून पुरणपोळ्या आणि श्रीखंडाच्या ऑर्डरी पोचवते, देवास, महू, उज्जैन सगळं हिच्यावरच. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, ॲक्सिलेटर दाबला तरी येतो, आणि 500 किमीला अर्धा लिटर ऑइल पिते. मागच्या महिन्यात ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटात तापमानाचा काटा लालवर गेला, मी तशीच सिमरोलपर्यंत आणली. आता एक मेकॅनिक म्हणतो "रिंग-पिस्टन डाल देंगे, हो जाएगा", 12 हजार. दुसरा पूर्ण इंजिन करायचं म्हणतो, 34 हजार. तिसरा कबाड्याकडून चालू इंजिन आणून 22 हजारात एका दिवसात बसवून देतो म्हणतोय. घरचे म्हणतात विकून टाक. काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, तिघांनी भाव सांगितला पण मोजून एकानेही बघितलं नाही, तेच मला खटकलं. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो त्याची तपासणी, करून घ्या, ओम्नीत पुढची सीट उचलली की इंजिन समोरच असतं, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम पाहिजे, तिन्ही प्लग काढायचे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलेंडरचा आकडा कागदावर लिहून घ्यायचा. तिन्ही सिलेंडरच्या दाबात एक किलोपेक्षा (kg/cm²) जास्त फरक नको. जो सिलेंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि परत मोजा, आकडा चढला तर रिंग (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत) झिजलंय, आणि तसाच राहिला तर वॉल्वकडून प्रेशर जातंय. शेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, गेलं असेल, आणि तुमची गाडी घाटात तापलेली असल्यामुळे मला त्याचीच जास्त भीती वाटते. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, साईसारखा पांढरट चिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असू शकतं, मग गाडी अजिबात चालवू नका, टो करून न्या.

तुम्ही लिहिलंय की धूर सकाळीही येतो आणि दाबल्यावरही. सकाळचा धूर बहुतेक वॉल्व सीलचा असतो, रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली उतरतं, आणि दाबल्यावरचा रिंगचा. म्हणजे दोन्ही असू शकतं, म्हणून हेड उतरवावं लागेल असं धरून चला.

हेड निघालं की स्वतः तिथे उभं राहा, प्लीज. सिलेंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवून बघा, रिंग जिथपर्यंत वर येते तिथे पायरी लागते, नख अडकलं तर नुसत्या नव्या रिंगा टाकून काही उपयोग नाही, चार-सहा महिन्यांत धूर परत. नख नाही अडकलं तरी बोअर गेजने मोजून घ्यायचंच, माप मर्यादेत असेल तर होनिंग करून (आतली भिंत हलकी घासून) रिंगा टाका, पहिला मेकॅनिक बरोबर ठरेल. पिस्टनच्या डोक्यावर आकडा कोरलाय का तेही बघा, 0.50 असेल तर पूर्वी कोणीतरी एकदा बोअर करून सिलेंडर मोठा केलाय आणि आता परत करायला जागा फारशी नाही, स्लीव्ह (आत नवी नळी) टाकावी लागेल. हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायला सांगा, 0.05 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग (हेड घासून सपाट करणं) करायलाच हवं, आणि हे 12 हजारात आहे का ते आधीच विचारा. खालून ठकठक आवाज येत असेल तर क्रँक आणि बेअरिंगही आलं, मग 34 हजारवाला खोटं बोलत नाहीये.

कबाड्याकडच्या इंजिनाबद्दल मी मनापासून नको म्हणतो. मी स्वतः एकदा व्हॅनला असं इंजिन बसवलं होतं, दुकानात आधीच गरम करून सुरू करून दाखवलं, गोड आवाज, आणि चार महिन्यांत ते तुमच्यासारखंच ऑइल प्यायला लागलं. शिवाय इंजिन बदललं की नंबर बदलतो, मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंद करावी लागते, इन्शुरन्सलाही कळवावं लागतं, आणि ते कोणत्या गाडीतलं आहे याचा कागद मिळाला नाही तर पुढे विकताना आणि चेकिंगला त्रास तुम्हालाच.

पण या सगळ्याआधी गाडी रॅम्पवर चढवून फ्लोअर आणि खालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर 34 हजार घालू नका, घरच्यांचं ऐका. 15 वर्षांची आरसी 2024 मध्ये संपली असेल, पुढच्या पाच वर्षांची रिन्यू झालीये ना तेही बघा. पत्रा घट्ट असेल तर मी इंजिन करेन, ओम्नी 2019 नंतर बनत नाही पण 796 सीसीचं तीन सिलेंडरचं हे इंजिन सगळ्यांना माहितीये. आणि रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन तपासल्याशिवाय काम केलेलं इंजिन सुरूही करू नका, घाटात तापण्याचं कारण तिथेच असू शकतं.

काम झाल्यावर पहिले 1000 किमी जड ऑर्डर आणि घाट नको, 500 ला ऑइल बदला. तिन्ही सिलेंडरचे आकडे आले की मला लिहून पाठवा.

प्रश्न: धूर थांबवायला जाड ऑइल टाकलं तर चालेल का?
— एक वाचक, महू

उत्तर: काही दिवस धूर कमी दिसेल, पण झीज तशीच राहील आणि थंडीत सकाळी ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागेल. गाडी विकायची असेल तर घेणाऱ्याला खरं सांगा, आणि ठेवायची असेल तर आधी मोजा.